जुन्नरी कागद, जस्ताची गाडी

गाडी घ्यायला शोरूममध्ये जाणाऱ्याच्या हातात एक रंगीत, गुळगुळीत कागद ठेवायची रीत होती. जीपच्या अशा कागदावर चालक धरून किती माणसं बसतील याचा एक आकडा छापलेला असे. तो आकडा आळेफाट्यावर किंवा मंचरच्या चौकात वडापच्या जीपला कधी लागू पडला नाही. मागे समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा, पुढे चालकाच्या दोन्ही अंगांना माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं आणि टपावर गोण्या, पाट्या, एखादी सायकल. कागदावर मात्र धुतलेली जीप, हिरवी टेकडी आणि हसरं कुटुंब. कंपनीला गाडी कशी विकायची होती ते कागद सांगतो. लोकांनी तिच्याकडून काय करून घेतलं ते रस्ता सांगतो. जुन्या गाड्यांची माहितीपत्रकं जमवणाऱ्याला या दोहोंमधल्या अंतरात रस असतो.

या कागदांना कुणी ब्रोशर म्हणतं, कुणी कॅटलॉग, तर कुणी सरळ पँप्लेट. ते जमवणाऱ्यांच्या कपाटात दुसरीही एक वस्तू हटकून सापडते, ती म्हणजे मुठीत मावणाऱ्या धातूच्या गाड्या. या गाड्या डायकास्ट, म्हणजे पोलादी साच्यात वितळलेला धातू दाबाने भरून घडवलेल्या असतात. धातू म्हणजे मुख्यतः जस्त. त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं आणि किंचित मॅग्नेशियम. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमारास बसवलेल्या या मिश्रधातूंच्या कुळाला झामॅक म्हणतात. तो चारशे अंश सेल्सियसच्या आतच वितळतो. त्यामुळे पोलादाचा साचा लवकर झिजत नाही, आणि दाराच्या मुठीएवढी बारीक नक्षीही नीट उतरते.

खेळण्यातल्या गाड्यांचा हा उद्योग खऱ्या अर्थाने रेल्वेच्या आडोशाने वाढला. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे फ्रँक हॉर्नबी खेळण्यातल्या आगगाड्या बनवत. स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी हव्यात म्हणून त्या आल्या आणि १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळालं. त्या आगगाड्यांचं माप एका फुटाला सात मिलिमीटर असं होतं. एक फूट म्हणजे जवळपास ३०५ मिलिमीटर, त्याला सातांनी भागा, उत्तर साडेत्रेचाळीसच्या आसपास येतं. आजही जगभरचे संग्राहक ज्या १:४३ मापाला प्रमाण मानतात, त्याचा उगम असा रुळांवर आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीची ‘मॅचबॉक्स’ १९५३ ची. तिचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची मुभा होती, म्हणून त्यांनी तेवढ्या मापाचा रोडरोलर बनवून दिला, आणि पुढे तेच कंपनीचं माप ठरलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मॅटेलने ‘हॉट व्हील्स’ आणली. आज जुन्नर, नारायणगावच्या दुकानांतही लटकलेली दिसते ती हीच. तिला १:६४ म्हणायची पद्धत आहे, पण ते ढोबळ. पाकिटाचं माप ठरलेलं, त्यात ट्रकही मावला पाहिजे आणि छोटी मोटारही. साहजिकच ट्रक जास्त आकसतो, मोटार कमी.

कागद आणि धातू एकत्र का जमवायचे, याचं माझं उत्तर असं: दोन्ही खोटं बोलतात, पण वेगवेगळ्या जागी. माहितीपत्रक लांबी-रुंदीबाबत खोटं बोलतं. अमेरिकेत पाँटिॲक गाड्यांची चित्रं १९५९ पासून १९७१ पर्यंत आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन ही जोडी काढायची. एक जण गाडी रंगवायचा, दुसरा तिच्यामागचा समुद्र, हॉटेल आणि माणसं. चित्रातली गाडी खऱ्या गाडीपेक्षा रुंद, बसकी आणि ऐसपैस दिसे. फोटोंचा जमाना आला तरी कॅमेरा जमिनीलगत ठेवून तीच किमया करता येई. छोट्या धातूच्या गाडीचं खोटं निराळं. तिच्या काचेभोवतीचे खांब जाड असतात, कारण जस्त त्याहून पातळ ओतलं तर मोडतं. चाकं जरा जास्तच मोठी असतात, नाहीतर ती फरशीवर पळणार नाहीत. पण तिची लांबी आणि चाकांतलं अंतर बहुधा प्रामाणिक असतं. दोन्ही समोर ठेवली की एकीची लबाडी दुसरी उघडी पाडते.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तांत्रिक तपशील असतो आणि त्यात व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, दिलेलं असतं. अँबॅसिडरचं ते २४६४ मिलिमीटर. त्याला ४३ ने भागलं की ५७ मिलिमीटर आणि वर थोडं. तुमच्याकडच्या १:४३ अँबॅसिडरवर व्हर्नियर कॅलिपर लावा. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक क्षम्य. पाच-सहा मिलिमीटरचा पडला तर बनवणाऱ्याने दुसऱ्याच गाडीचा सांगाडा खाली बसवला असण्याची शक्यता दाट.

आता आपल्याकडे येऊ. मोटारींचं माहितीपत्रक हे मुळात स्पर्धेचं अपत्य. चार विक्रेते असतील तर प्रत्येकाला आपला माल वाखाणावा लागतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, मागोमाग फोर्डही मुंबईत आली, आणि १९५४ पर्यंत दोघींनी गाशा गुंडाळला, कारण सुटे भाग आणून नुसती जुळणी करण्याला सरकारी धोरणात जागा उरली नव्हती. मैदानात राहिल्या त्या देशी कंपन्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि तिचा कुर्ल्याचा कारखाना, बंगालात उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. प्रीमियरने आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जुळवल्या, मग १९५४ पासून फियाट ११०० धरली. तीच पुढे १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली.

या तिन्ही कंपन्यांची त्या काळची माहितीपत्रकं पाहिली की एक गोष्ट जाणवते: ती कृश आहेत. घडीचा एकच कागद, दोन-तीन रंगांत छपाई, एखादं चित्र आणि तपशिलाचा तक्ता. याच सुमाराची अमेरिकी माहितीपत्रकं लग्नाच्या अल्बमसारखी जाडजूड. आपल्याकडचा छपाईखर्च हे एक कारण असेल, पण मुख्य कारण वेगळं होतं. गिऱ्हाइकाला भुरळ घालायची गरजच नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, नंबर लागला की मिळेल त्या रंगाची गाडी घरी आणायची. १९६९ मध्ये तर सरकारने मोटारींच्या किमतींवर नियंत्रण आणलं. त्याविरुद्ध प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७१ मध्ये निकाल लागला. ज्या मालाची किंमत दिल्लीत ठरते आणि ज्याच्यासाठी लोक आधीच रांगेत उभे आहेत, त्याची जाहिरात करायची तरी कशाला? तरीही कंपन्यांनी थोडेफार कागद छापले, आणि ते मोजकेच छापले म्हणून आज दुर्मीळ आहेत. रंगाच्या तक्त्यात चार चौकोन असत. त्यातला तुम्हाला कुठला मिळेल हे मात्र तो कागद सांगत नसे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि कागदाचा बाज बदलला. १९९१ ची टाटा सिएरा, १९९४ ची सुमो, १९९५ मध्ये पिंपरीत जुळवलेली मर्सिडीज, १९९८ ची इंडिका. मधल्या दहा-पंधरा वर्षांत माहितीपत्रकं जाड झाली, त्यांत माणसं शिरली, समुद्रकिनारे शिरले. नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला हाच काळ धरण्याचा. साठीतल्या फियाटच्या कागदामागे सगळे लागलेले आहेत. नव्वदीतल्या सिएराचा किंवा महिंद्रच्या अर्माडाचा कागद अजून रद्दीत निघतो आणि विकणाऱ्यालाही त्याचं विशेष काही वाटत नाही.

भारतीय डायकास्टची कहाणी याहून मजेशीर आहे. डिंकीने आपले जुने साचे विकायला काढले तेव्हा त्यांतले काही कलकत्त्याला आले. तिथे लिव्हरपूलच्या गाड्या नव्याने ओतल्या जाऊ लागल्या आणि त्यांचं बारसं झालं ‘निकी’. साचा तोच, बुडावरचं नाव वेगळं, रंग थोडा ओबडधोबड. विलायती संग्राहक एके काळी त्यांना नाकं मुरडत. आता तेच त्या शोधत फिरतात, कारण निकीच्या गाड्या थोड्याच बनल्या आणि मुलांनी त्या मन लावून मोडल्या. पुढे १९८० च्या दशकात ‘लिओ’ने मॅटेलच्या साथीने हॉट व्हील्स इथे बनवल्या. त्यांचीही तीच गत.

पण आपल्या रस्त्यावर धावलेल्या गाडीची छोटी प्रतिकृती हवी असेल तर युक्ती करावी लागते, आणि ती युक्ती माहितीपत्रकातूनच सुचते. आपल्या जुन्या गाड्या परदेशी गाड्यांच्या परवान्यावर बनलेल्या. हिंदुस्तान मोटर्सची ‘हिंदुस्तान १४’ म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि डिंकीने १९५० मध्ये ४०जी या क्रमांकाने नेमकी तीच ऑक्सफर्ड काढली होती. ती इंग्रज गाडी म्हणून विकली गेली, पण ती आपली हिंदुस्तानही आहे. डिंकीची स्टँडर्ड व्हॅनगार्ड म्हणजे मद्रासहून निघालेली व्हॅनगार्ड. डिंकीचीच ट्रायम्फ हेरल्ड म्हणजे आपली स्टँडर्ड हेरल्ड. भारतीय माहितीपत्रक एका हाताला आणि विलायती डिंकी दुसऱ्या हाताला ठेवली की जाळी, दिवे, बंपर यांत इथल्या कारखान्याने काय बदललं ते दिसतं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघाली ती बेडफर्डची. कॉर्गी क्लासिक्सने १९८० च्या दशकात इंग्रजी बेडफर्ड ओबी बसचं मॉडेल अनेक रंगांत काढलं. त्यावर एसटीची अक्षरं नाहीत, तरी नाकाडाचा वळसा ओळखीचा वाटतो.

जुन्नर आणि आंबेगावचा मामला इथेच रंगतदार होतो. हे दोन्ही तालुके ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर बसले आहेत, त्याच्या एका टोकाला पिंपरी, आकुर्डी, चिंचवड: तिथे टाटांची टेल्को, बजाज ऑटो आणि बजाज टेंपो. दुसऱ्या टोकाला नाशिक, सातपूर: तिथे महिंद्र. आता तर खेड तालुक्यातलं चाकण, म्हणजे आंबेगावची वेसच, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्र यांनी भरून गेलं आहे, आणि मंचर-घोडेगावकडची पोरं तिथे कामाला जातात. ज्या गाड्यांवर या तालुक्यांचा संसार चालला त्यांतल्या बऱ्याच गाड्या याच रस्त्याच्या दोन टोकांना निपजल्या. तरी या भागात त्यांची माहितीपत्रकं सांभाळणारं घर शोधून सापडायचं नाही.

कुठल्या त्या गाड्या? सगळ्यात आधी जीप. महिंद्रने १९४७ मध्ये विलिसच्या ७५ जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जुळवले, पुढे ती पूर्ण इथेच बनू लागली. उंच बॉनेटची सीजे ३बी अमेरिकेत १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे मात्र पुढेही कित्येक वर्षं निघत राहिली. आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकरच्या वाटेवर, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला जिथे एसटी दिवसातून एखादी, तिथे जीपच खरी एसटी. मग कमांडर, ट्रॅक्स, अर्माडा, आणि २००० मध्ये बोलेरो. दुसरी मॅटाडोर. बजाज टेंपोने जर्मन बनावटीवरून आकुर्डीत बनवलेली ही डबा-गाडी भाजीपाल्यापासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहायची. तिसरी १९८६ ची टाटा ४०७. ओतूरचा कांदा, सातगाव पठाराचा बटाटा, नारायणगावचा टोमॅटो मुंबईला नेण्यात तिचा मोठा वाटा. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. अलीकडे नारायणगावच्या बाजार आवारात सकाळी पाहावं तर पिकअपच पिकअप. तमाशाच्या फडांचे ट्रक यात धरायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मी धरीन.

आणि ट्रॅक्टर. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने महिंद्रचा बी-२७५ साठीच्या दशकात आला. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन आणला. ट्रॅक्टर आणि टेंपो यांच्या माहितीपत्रकांचं एक वैशिष्ट्य असं की ती मराठीतही छापली जात. मोटारी घेणारा इंग्रजी वाचतो असं कंपन्यांनी गृहीत धरलेलं, ट्रॅक्टर घेणाऱ्याशी मात्र त्याच्या भाषेत बोलावं लागे. त्यामुळे मराठी मुद्रणाच्या अभ्यासकालाही हे कागद उपयोगी. ‘अश्वशक्ती’, ‘नांगरट’, ‘रोटाव्हेटर’, ‘लिटरला किती’ असे शब्द एका पानावर नांदताना दुसरीकडे कुठे दिसणार! मॉडेलांच्या बाबतीतही ट्रॅक्टर भाग्यवान. कॉर्गीने १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसन ६५ काढला, आणि आज युरोपातल्या कंपन्या मॅसी ३५ चं सुबक मॉडेल बनवतात, जो आपल्या टॅफे १०३५ चा पूर्वज. मॅटाडोर आणि ४०७ च्या वाट्याला तसं प्रेम आलं नाही. दागिन्यासारख्या गाड्यांची मॉडेल्स होतात, राबणाऱ्या गाड्यांची होत नाहीत, हे जगभर बऱ्याच अंशी खरं आहे. म्हणून राबणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत कागदाचं मोल दुप्पट.

कागदावरच्या चित्राने काय होऊ शकतं याचं उदाहरण याच प्रदेशात आहे. नगरचे नवलमल फिरोदिया यांनी एका नियतकालिकात तीनचाकी मालवाहू गाडीचं चित्र पाहिलं. त्यातून त्यांना माणसं वाहणाऱ्या रिक्षाची कल्पना सुचली. १९४८ मध्ये त्यांनी अशी रिक्षा मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखवली. पुढे फिरोदियांच्याच बजाज टेंपोने तीनचाकी टेंपो बनवला. ते चित्र कुणी कात्रण करून ठेवलं असेल तर ते भारतातल्या मोटार-कागदांचं शिरोमणी ठरेल.

कागद म्हटलं की जुन्नरचा विषय टाळता येत नाही. इथला हातकागद एके काळी नावाजलेला. तागाची जुनी पोती आणि चिंध्या कुजवून, चुन्यात भिजवून, कुटून त्याचा लगदा करायचा. त्याचे ताव उचलायचे, खळ द्यायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचे. पेशवेकालीन दप्तरांत जुन्नरी कागद आहे आणि अडीचशे वर्षांनंतरही तो शाबूत आहे. धागे लांब आणि चुन्यामुळे आम्लाचा त्रास कमी, ही त्याची कारणं. माहितीपत्रकाचा आर्ट पेपर नेमका याच्या उलट. वर दिसते ती चकाकी कागदाची नव्हे, त्यावर चढवलेल्या पांढऱ्या मातीच्या लेपाची. पावसाळ्यात हा लेप ओल धरतो, मऊ पडतो आणि दोन पानं एकमेकांना चिकटतात. एकदा चिकटली की सोडवताना चित्राचा पापुद्राच निघतो. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा पाऊस. तिथे ट्रंकेत गठ्ठा बांधून ठेवलेला आर्ट पेपर चार पावसाळ्यांत वीट होतो.

म्हणून जपणुकीचे काही साधे नियम. पानं आडवी, गठ्ठा लहान, मध्ये साधा आम्लरहित कागद. प्लॅस्टिकचं पाकीट घालायचंच असेल तर पॉलिएस्टरचं. दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांतून सुटणारं तेलकट द्रव्य शाई उचलतं. स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात. त्या हलक्या हाताने काढाव्यात आणि हवं तर दोऱ्याने टाचावं. उजेडात पिवळी आणि किरमिजी शाई आधी उडते, म्हणून भिंतीवर लावलेली जुनी पत्रकं निळसर दिसतात. कसर आणि वाळवीसाठी पोथ्यांत वेखंड ठेवायची जुनी पद्धत आहे, कापडी पुरचुंडीत ठेवली तर ती चालते. डांबराच्या गोळ्या मात्र टाळा, विशेषतः त्याच कपाटात छोट्या गाड्या असतील तर. त्या गोळ्यांची वाफ गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या काचांना मानवत नाही.

गाड्यांचा स्वतःचा एक रोग आहे. जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश मिसळला गेला, तर ओल आणि उष्णता यांमुळे धातूच्या कणाकणांमधल्या सीमा कुजू लागतात. गाडी फुगते, तडे जातात, आणि एक दिवस ती बोटांत चुरा होते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकींत हा रोग फार, कारण कारखान्यात निरनिराळा भंगार धातू एकत्र वितळला जाई. त्यावर औषध नाही. एका गाडीचा रोग दुसरीला लागतो असा समज आहे, तो खोटा. पण एकाच घाण्यातून, एकाच वेळी ओतलेल्या गाड्या एकाच सुमाराला ढासळतात, म्हणून तो पसरल्यासारखा वाटतो. आणखी एक दक्षता म्हणजे रबरी चाकं प्लॅस्टिकच्या पायावर वर्षानुवर्षं टेकू देऊ नयेत. रबर मऊ करण्यासाठी घातलेलं द्रव्य पाझरतं आणि प्लॅस्टिक वितळवतं.

खऱ्या-खोट्याची पारख शिकायला सोनाराचं भिंग पुरतं. रंगीत छपाई म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी. मूळ माहितीपत्रकात ही जाळी फक्त चित्रात असते, अक्षरं भरीव आणि धारदार असतात. नक्कल करणारा संपूर्ण पानाचा फोटो घेऊन पुन्हा छापतो, त्यामुळे अक्षरांच्या कडांनाही ठिपके येतात. युद्धापूर्वीचा म्हणवणारा कागद जांभळ्या अतिनील दिव्याखाली लख्ख निळा चमकला तर हात आखडता घ्या; कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची ती चमकद्रव्यं नंतरच्या काळातली. छोट्या गाडीचं बूड बघा. कारखान्यातला रिव्हेट ड्रिलने उडवून पुन्हा बसवला असेल, तर गाडी नव्याने रंगवलेली आहे. तसं करणं हा गुन्हा नाही, मात्र सांगून विकायला हवी. आणि खोकं फेकू नका. जुन्या डिंकीची खोक्यासकट किंमत नुसत्या गाडीच्या किमतीहून पुष्कळ जास्त येते.

हा सगळा खटाटोप नुसत्या शौकापुरता राहिलेला नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि मुख्य अट अशी की गाडीचा सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मूळ गाडी कशी होती हे दाखवायला कंपनीच्या छापील कागदाइतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. एखाद्या वाड्यात पडून असलेली जुनी जीप पुन्हा उभी करायला घेतली, तर मिस्त्री आधी विचारतो, “जाळी कशी होती?” त्याचं उत्तर माहितीपत्रक देतं.

शोधायचं कुठे? पुण्यातला जुना बाजार आणि मुंबईतला चोरबाजार ही सर्वांना ठाऊक असलेली ठिकाणं. तिथे भावही तसेच. तालुक्याच्या गावी मात्र वेगळ्या जागा आहेत. बंद पडलेली गॅरेजं, जुन्या सुट्या भागांची दुकानं, ट्रॅक्टर-डीलरचं माळ्यावरचं सामान, विम्याच्या एजंटांच्या फायली. पतसंस्थेत किंवा बँकेत कर्जाच्या अर्जाला माहितीपत्रक जोडलेलं असे, तेही मुदत संपल्यावर रद्दीत जातं. अशा कागदावर डीलरचा शिक्का, कुणीतरी पेनाने लिहिलेली किंमत, खाली हप्त्याची आकडेमोड असते. परदेशी संग्राहकाला हे डाग वाटतील. माझ्या मते त्यामुळे कागदाची किंमत वाढते. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं अशा घरगुती वस्तू जमवायला घेतल्या तेव्हा त्यांनाही कुणी मौल्यवान म्हणत नव्हतं.

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली तेव्हा वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती, आणि तिच्या छोट्या मॉडेलांना गिऱ्हाइकं वाढली. आंबेगावात वडापची शेवटची सीजे ३बी कधी थांबली याची बातमी आली नाही. ज्या तालुक्याचं मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तिथल्या घरांनी हलताना काय काय सोडलं याचा हिशेब आता लागणार नाही. पण मंचर, ओतूर, नारायणगाव, घोडेगावच्या घरांत, दुकानांत अजून पुष्कळ उरलं आहे. कंपन्याही आता छापील माहितीपत्रकं कमी करत चालल्या आहेत, मोबाइलवर पान उघडतं आणि मॉडेल बदललं की ते पुसलं जातं. तेव्हा वडिलांचं कपाट आवरायला काढाल आणि मॅटाडोरचा, ४०७ चा किंवा ट्रॅक्टरचा जुना कागद हाती लागेल, तर तो रद्दीच्या काट्यावर चढवण्याआधी एवढं करा: मागच्या पानावर पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे, गाडी कुणी घेतली, कधी घेतली, कुठल्या डीलरकडून आणि तिच्यातून काय वाहिलं ते लिहा. मग तो ठेवायचा की द्यायचा ते ठरवा.